लहान मोटारीत सामान भरणे आणि बांधणे

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नवीन घरात राहायला जाणे, मार्केट यार्डातून वर्षाचे धान्य आणणे, मुलीला वसतिगृहात सोडताना गादी आणि पुस्तकांची खोकी सोबत नेणे, मे महिन्यात कोकणातून आंब्याच्या पेट्या घेऊन येणे, अशा कामांसाठी पुण्यातील बहुतेक कुटुंबे आपली चार मीटरच्या आतली हॅचबॅकच वापरतात. डिकीचे दार बंद झाले की सामान नीट बसले, असे आपण धरून चालतो. ते सामान जोराच्या ब्रेकला जागेवर राहील का, हा प्रश्न मात्र निघण्यापूर्वी क्वचितच विचारला जातो. या धाग्यावर तेवढ्याच प्रश्नाची सविस्तर चर्चा व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

पहिली गोष्ट वजनाची. गाडीचे रिकामे वजन आरसीवर नमूद असते, आणि माणसे व सामान धरून गाडीचे एकूण वजन जास्तीत जास्त किती असावे, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे आपल्याला वापरता येणारी क्षमता. लहान हॅचबॅकमध्ये ती साधारण ४०० किलोच्या आसपास असते. प्रत्येकी ७० किलोची पाच माणसे बसली, तर ३५० किलो तिथेच संपतात आणि सामानासाठी गव्हाच्या ५० किलोच्या एका पोत्याएवढीच मुभा उरते. डिकीचे माप लिटरमध्ये सांगितले जात असल्यामुळे इथे हमखास फसगत होते. २६० लिटरच्या डिकीत गहू काठोकाठ भरला, तर त्याचे वजन सुमारे २०० किलो होईल, आणि ते जवळजवळ सगळे मागच्या आसाच्याही मागे पडेल. मग गाडीचे नाक उचलले जाते. आपल्या बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाके वळवण्याचे आणि ओढण्याचे अशी दोन्ही कामे करतात, त्यामुळे त्यांच्यावरचा भार कमी झाला की स्टिअरिंग हलके लागते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

दुसरी गोष्ट जागेची. सर्वांत जड वस्तू डिकीच्या तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवावी, हलक्या वस्तू वर आणि दाराच्या बाजूला ठेवाव्यात, आणि सीटच्या पाठीच्या वर काहीही येऊ देऊ नये, असे मी पाळतो. लहान पण जड वस्तूंसाठी, म्हणजे तेलाचा १५ किलोचा डबा किंवा २० लिटरचा पाण्याचा कॅन यांच्यासाठी, पुढच्या सीटमागची पाय ठेवण्याची जागा मला डिकीहूनही चांगली वाटते, कारण तिथे वस्तू खाली राहते आणि पुढे सरकायला जवळजवळ वाव नसतो. पुढची सीट थोडी मागे घेऊन वस्तू दाबून धरली, तर तिला हलताच येत नाही. अर्थात त्या बाजूला मागे कोणी बसू नये.

माझी अडचण पुढची आहे. मोठ्या गाड्यांच्या डिकीत सामान बांधण्यासाठी लोखंडी कड्या असतात, पण लहान गाड्यांच्या साध्या प्रकारांत त्या बहुधा नसतात. प्लास्टिकचा एखादा हूक असतो, तो भाजीच्या पिशवीपुरता. अशा गाडीत पट्टा नेमका कुठे अडकवावा, मागची सीट पाडून सामान भरणे योग्य की अयोग्य, आणि सीएनजीच्या गाडीत काय करावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे.


पदार्थविज्ञान

उत्तम विषय. मागची सीट पाडावी की नाही, याचे उत्तर देण्यापूर्वी थोडा हिशेब मांडतो, कारण आकडे समोर असले की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात.

ताशी ५० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीतील सुट्या वस्तूकडे जेवढी ऊर्जा असते, तेवढीच ती वस्तू सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, सोडली तर जमिनीवर आदळताना असते. ताशी १०० किमीला ही उंची दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे जवळजवळ ४० मीटर. द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे आणि तिथे आपण मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवर पाण्याची भरलेली बाटली, छत्री, क्वचित लोखंडी डबासुद्धा ठेवून निश्चिंतपणे जातो. तो ट्रे सामान ठेवण्यासाठी केलेलाच नसतो.

हे झाले टकरीचे. नुसत्या ब्रेकचा विचार केला तरी चांगल्या कोरड्या रस्त्यावर जोराच्या ब्रेकला वस्तूवर पुढच्या दिशेने तिच्या वजनाच्या सुमारे ०.८ पट बल येते. युरोपात मालवाहनांसाठी ईएन १२१९५-१ हे जे मानक आहे, त्यातही रस्त्यावरील वाहतुकीसाठी पुढच्या दिशेने ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट बल धरून बांधणी करावी, असेच गृहीत आहे. आता डिकीतील गालिचा आणि प्लास्टिकचा क्रेट यांच्यातील घर्षणांक समजा ०.३ आहे. मग २० किलोच्या क्रेटला पुढे ढकलणारे बल १६ किलोभाराचे आणि त्याला थोपवणारे घर्षण फक्त ६ किलोभाराचे. उरलेल्या १० ची जबाबदारी कोणाची? सीटची पाठ, पट्टा किंवा दुसरी एखादी पक्की वस्तू यांपैकी कोणीतरी ती घेतलीच पाहिजे. क्रेटखाली रबराची खडबडीत चटई घातली तर घर्षण वाढते. खर्च अगदी थोडा आणि गुण मोठा, म्हणून हा उपाय मी सर्वांना सुचवतो.

धागाकर्त्यांनी सामान सीटच्या पाठीला 'अगदी टेकवून' ठेवावे असे लिहिले आहे, त्यातील 'अगदी' या शब्दावर मला भर द्यायचा आहे. टकरीत गाडीचा पुढचा भाग चुरगळतो आणि त्यामुळे गाडीला थांबायला, समजा, अर्धा मीटर अंतर मिळते. पाठीला टेकलेले सामानही गाडीबरोबर तेवढ्याच अंतरात थांबते आणि ५० किमी वेगाला त्याच्यावर सरासरी वजनाच्या २० पट बल येते. पण मध्ये हातभर मोकळी जागा असेल, तर गाडी थांबते आणि सामान जवळजवळ पूर्ण वेगाने येऊन पाठीवर आपटते. तिथे त्याला थांबायला जेमतेम १० सेंटीमीटर मिळाले, तर हेच बल १०० पटीच्या घरात जाते. दहा किलोची पिशवी त्या क्षणी एक टनाचा दाब देते. पिशवी तीच, गाडी तीच, फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा. ती जागा गादी, उशा, कपड्यांची बोचकी यांनी दाबून भरली, तरी पुष्कळ साधते.

म्हणून सीटची पाठ शक्यतो पाडू नये. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १७ क्रमांकाच्या नियमनात सीटच्या पाठीची परीक्षा १८ किलोचे दोन ठोकळे मागून आदळवून घेतली जाते. म्हणजे ही पाठ आपल्यासाठी भिंतीचे काम करते, मात्र ती भिंत अमर्याद भार पेलणारी नाही, हेही त्यातूनच कळते. मागे कोणी बसणार नसेल, तर तिथले सीटबेल्ट रिकामेच कुलुपात अडकवून ठेवावेत, म्हणजे पाठीला आणखी आधार मिळतो. पाठ उभी केल्यावर तिची खिटी दोन्ही बाजूंना पूर्ण बसली की नाही, हे हाताने ओढून पाहावे.


गॅसगाडी

सीएनजीबद्दल मी लिहितो. पुण्यात आता असंख्य कुटुंबांकडे सीएनजीच्या गाड्या आहेत आणि सामानाचा प्रश्न त्यांना सर्वांत जास्त छळतो.

टाकीमुळे गाडीचे रिकामे वजन साधारण ८० ते १०० किलोंनी वाढते, पण गाडीची एकूण वजनाची मर्यादा त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. म्हणून हिशेब आपल्याच गाडीच्या आकड्यांवर करावा, त्याच नावाच्या पेट्रोल गाडीच्या नव्हे. डिकीत आडवी टाकी असेल, तर तिच्यावर ठेवलेले सामान आपसूकच सीटच्या पाठीच्या उंचीला किंवा तिच्याही वर जाते, आणि मघाच्या प्रतिसादात सांगितलेली भिंत निरुपयोगी ठरते. त्यामुळे टाकीवर मी फक्त मऊ आणि हलक्या वस्तू ठेवतो, म्हणजे कपड्यांच्या पिशव्या, पांघरुणे, रिकाम्या टोपल्या. टाटा मोटर्सने २०२३ पासून आपल्या लहान गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली. त्या गाड्यांत ही अडचण बरीच कमी झाली आहे, वजनाचा हिशेब मात्र तोच राहतो.

टाकीचा व्हॉल्व्ह आणि तिथून निघणारी नळी यांच्याकडे कोणतीही कडक वस्तू सरकता कामा नये. टाकी पूर्ण भरल्यावर आत सुमारे २०० बारचा दाब असतो. आणीबाणीत व्हॉल्व्ह हाताने बंद करता यावा, इतकी जागा नेहमी मोकळी हवी. टाकीच्या लोखंडी पट्ट्यांना दोरी बांधून सामान अडकवण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ती ताबडतोब थांबवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते पट्टे फक्त टाकी धरण्यासाठी आहेत. त्यांच्यावर बाहेरचा ओढ देणारा भार आला आणि ते सैल झाले, तर नुकसान सामानाचे राहत नाही. टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते, तेव्हा हे पट्टे आणि बोल्टही तपासून घ्यावेत.

सीएनजीच्या गाडीत जड सामान असेल, तर माणसे कमी करावीत आणि सामान मागच्या पायांच्या जागेत व सीटवर घ्यावे. याला पर्याय नाही.


रविवारपेठ

बोहरी आळीत आमचे लहानसे दुकान आहे. दोऱ्या, पट्टे, साखळ्या हाच व्यवसाय असल्याने बांधण्याविषयी लिहितो.

घरगुती गाडीसाठी २५ मिलिमीटर रुंदीचा रॅचेट पट्टा, म्हणजे दांडा मागे-पुढे करून ताणता येणारा पट्टा, पुरेसा असतो. घेताना त्याच्यावर भारक्षमता लिहिलेली चिठ्ठी शिवलेली आहे का, हे आवर्जून पाहावे. चिठ्ठी नसलेला पट्टा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दोन्ही टोकांना हूक असलेली लवचिक रबरी दोरी लोक हौसेने घेतात. ती ताडपत्री किंवा चादर जागेवर ठेवण्यासाठी ठीक आहे, पण जड वस्तूसाठी मुळीच नाही, कारण भार आला की ती ताणली जाते आणि वस्तूला हलू देते, आणि हूक निसटला तर तो थेट डोळ्याकडे येतो. नायलॉनची दोरीही गुळगुळीत असल्यामुळे तिची गाठ सरकते आणि ओली झाली की ती काहीशी सैल पडते. साध्या दोरीनेच बांधायचे असेल, तर एका ठिकाणी फास करून त्यातून टोक मागे ओढून ताण द्यावा आणि मग वर दोनदा निरगाठ मारावी. टेम्पोवाले हीच पद्धत वापरतात. सुतळीवर गाडीतील कोणतेही जड सामान सोपवू नये.

पट्टा कुठे अडकवावा, हा धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न. माझ्या मते पहिली पसंती गाडीच्या स्वतःच्या सीटबेल्टला द्यावी. खोके मागच्या सीटवर ठेवून, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून, खोक्याभोवती घेऊन कुलुपात अडकवला की तो पक्का बसतो, आणि हा बेल्ट आपल्याला बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्यांहून मजबूत असतो. दुसरी जागा म्हणजे पुढच्या सीटचे लोखंडी पाय जिथे बोल्टने तळाला जोडलेले असतात, ती. फक्त चालकाच्या सीटला पट्टा लावू नये आणि सीट सरकण्याचा रूळ अडू देऊ नये. सीट पुढे-मागे करण्याचा दांडा, हेडरेस्टच्या सळ्या, दारावरची हातपकड आणि प्लास्टिकचे हूक यांपैकी कशालाही भार देऊ नये. मुलांच्या आसनासाठी सीटच्या सांध्यात ज्या आयसोफिक्सच्या कड्या असतात, त्यांना पट्टा लावण्याचा मोह होतो. पण अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत त्यांचा दुसऱ्या कामासाठी वापर करू नये, असे स्पष्ट लिहिलेले असते, म्हणून ते टाळावे.

आता भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून येणाऱ्या मालाविषयी. प्लायवूडचा आठ बाय चारचा अखंड तक्ता कोणत्याही हॅचबॅकमध्ये जात नाही, तेव्हा मापे घेऊन जावे आणि तो तिथेच कापून घ्यावा. पडद्याच्या दांड्या, पाइप, लाकडी पट्ट्या अशा लांब वस्तूंसाठी सीटचा डावा भाग पाडावा लागतो. त्यांची मोळी दोन ठिकाणी घट्ट बांधून, टोकांना गोणपाट गुंडाळून, पुढचे टोक डाव्या बाजूच्या पायांच्या जागेत तळाला टेकवावे. टोक समोरच्या काचेकडे किंवा गिअरकडे रोखलेले नको. डावी पुढची सीट अर्थातच रिकामी राहील. मागची सीट अखंड असेल आणि पूर्ण पाडावी लागली, तर मोळी पट्ट्याने बांधणे अनिवार्य समजावे, कारण मध्ये कोणताच अडसर उरत नाही. फरशीची खोकी दिसायला लहान असतात, पण दोन बाय दोनच्या चार फरशांचे एक खोके २५ किलोंहून अधिक भरते. ती एकावर एक न रचता तळाला एकाच थरात, फरशा काठावर उभ्या राहतील अशी ठेवावीत, आणि चार-पाच खोक्यांच्या पुढे 'छोटा हत्ती' बोलवावा. भाडे गाडीच्या सस्पेन्शनच्या दुरुस्तीहून कमीच पडते.


पानशेत

लांब वस्तू असेल तर डिकीचे दार अर्धवट उघडे ठेवून दोरीने बांधले, तर शहरातल्या शहरात चालेल का? टिंबर मार्केट ते सिंहगड रस्ता एवढेच अंतर असते.


पदार्थविज्ञान

@पानशेत, कृपया तसे करू नये. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्यातून निघालेला धूर तिथेच घोटाळतो. दार उघडे असेल, तर तो आत खेचला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला फक्त डोके जड झाल्यासारखे वाटते. सिग्नलवर थांबत थांबत जाताना तर हा धोका अधिकच. शिवाय दार उघडे असेल, तर त्यावरचे दिवे आणि नंबरप्लेट वर उचलली जातात आणि मागच्याला ती नीट दिसत नाहीत.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ (१अ) नुसार, माल परवानगीच्या मर्यादेपलीकडे गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर येत असेल, तर २० हजार रुपये दंड आहे आणि तो माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो.


शाडूमाती

या धाग्यावर गणपतीच्या मूर्तीचा विषय यावा, असे मला वाटते, कारण भाद्रपदात हजारो घरांत मूर्ती मोटारीनेच येते आणि पेणहून थेट मूर्ती आणणारीही बरीच मंडळी आहेत. मूर्ती मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसण्यामागची भावना मी पूर्णपणे समजू शकते, आमच्या घरीही वडीलधारी मंडळी तसा आग्रह धरतात. पण पुढे एअरबॅग असते, हे त्यांना कसे पटवावे आणि मूर्ती नेमकी कुठे ठेवावी?


मुठाकाठ

@शाडूमाती ताई, आपण हा विषय काढलात हे फार बरे झाले. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते. मांडीवर मूर्ती असेल, तर ती मधल्या मध्ये धरणाऱ्याच्या छातीवर दाबली जाते. भंगलेल्या मूर्तीचे दुःख आणि माणसाची इजा, दोन्ही एका क्षणात होऊ शकते. वडीलधाऱ्यांना हे याच शब्दांत, शांतपणे सांगावे. मूर्तीचा मान जागेवर नाही, जपण्यात आहे, हे ते समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

शाडूची मूर्ती भाजलेली नसते. ती जड असते, आणि हात, सोंड, कान, मुकुटाचे टोक अशा बारीक जागी हादऱ्याने तडकते. मागची सीट मागच्या बाजूला उतरती असते, म्हणून मूर्ती थेट सीटवर ठेवली की ती कलते. त्यासाठी मूर्तीच्या बैठकीहून थोडे मोठे मजबूत पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, तळाला पाट ठेवावा, सीटच्या उतारावर दुमडलेली चादर घालून पाट समतल करावा आणि मूर्तीच्या बैठकीभोवती, फक्त बैठकीभोवती, कापड दाबून भरावे. वरच्या अवयवांना काहीही टेकू नये. मग सीटबेल्ट खोक्याभोवती घ्यावा, मूर्तीवरून नव्हे. मूर्ती फूटभराची किंवा त्याहून लहान असेल, तर पुढच्या डाव्या सीटमागे पायांच्या जागेत पाटावर ठेवणे सर्वांत चांगले, फक्त घरच्यांना ती जागा पटली पाहिजे. ज्यांना ती पटत नाही, त्यांनी सीटवरच्या खोक्याचा मार्ग घ्यावा. मूर्तीशेजारी बसणाऱ्याने स्वतःचा बेल्ट लावलेलाच असावा आणि हात फक्त आधाराला ठेवावा. पेठांतल्या गतिरोधकांवर दोन्ही चाके एकदमच चढवावीत. तिरकी गाडी घातली की मूर्तीला बाजूचा झोका बसतो, आणि तोच सर्वांत वाईट.


हडपसरवासी

इन्व्हर्टरची बॅटरी आणि स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर यांच्याबद्दल थोडक्यात. घर बदलताना या दोन वस्तू लोक स्वतःच्या गाडीत घेतात, कारण सामान वाहणारे त्या घ्यायला नाखूश असतात.

१५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी भरलेली असताना साधारण ५० ते ६० किलोंची असते आणि तिच्यात सल्फ्युरिक आम्ल असते. ती उभीच न्यावी, दोघांनी मिळून उचलावी, टर्मिनलवर रबरी टोप्या किंवा जाड चिकटपट्टी लावावी, म्हणजे वरून एखादी पळी किंवा पाना पडला तरी ठिणगी उडणार नाही. खाली प्लास्टिकचा उथळ ट्रे ठेवावा आणि पट्ट्याने जखडावी. तिच्यासाठीही पायांची जागाच योग्य. बसत नसेल, तर डिकीत सीटच्या पाठीला टेकवून.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडासह एकूण वजन ३० किलोच्या आसपास जाते. तो आडवा टाकू नये, कारण मग द्रवरूप गॅस व्हॉल्व्हपर्यंत येतो, आणि गळती झालीच तर वायूऐवजी द्रव बाहेर पडतो, जो पसरून कितीतरी पट जागा व्यापतो. टोपी घट्ट लावावी, काचा उघड्या ठेवाव्यात, वाटेत कुठेही गाडी उन्हात लावून जाऊ नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो गाडीच्या तळाशी साचतो, नुसती वरची फट पुरत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की शक्य असेल तिथे जुन्या वितरकाकडे सिलिंडर जमा करून नवीन ठिकाणी जोडणी घ्यावी आणि हा प्रवास टाळावाच.


डोंगरवाट

कोणी छतावरच्या कॅरिअरबद्दल लिहिले नाही. आम्ही वर्षानुवर्षे कॅरिअर लावून कोकणात जातो आणि आतली जागा माणसांना मोकळी मिळते. मला तो वाईट पर्याय वाटत नाही.


रविवारपेठ

@डोंगरवाट, पर्याय वाईट नाही, पण अटी पाळल्या तरच. छतावर किती वजन चालते, ते माहितीपुस्तिकेत असते. लहान गाड्यांत हा आकडा बहुधा ५० किलोंच्या जवळपास असतो आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. २० किलोंचा कॅरिअर लावला, तर सामानाला ३०च उरतात. शिवाय अनेक नव्या हॅचबॅकच्या छतावरच्या पट्ट्या केवळ शोभेच्या असतात, त्यांना काहीही बांधायचे नसते. आपल्या गाडीच्या पट्ट्या कोणत्या प्रकारच्या आहेत, याची खात्री करून घेतल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

छतावर फक्त हलके आणि मोठे सामान घ्यावे, जड सामान खालीच. उंचावर वजन गेले की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती अधिक झुकते. गादी छतावर नेणाऱ्यांना माझी विशेष विनंती आहे: गादीच्या पुढच्या कडेखाली वारा शिरला की ती उचलली जाते, म्हणून नुसते मधून बांधणे पुरत नाही, पुढची कड वेगळ्या पट्ट्याने कॅरिअरला जखडावी लागते. दोरी दारांमधून आत घेऊन बांधण्याची पद्धत चुकीची आहे. दाराचे रबर दबते, पाणी आत येते, आणि पडदा-एअरबॅग (छताच्या कडेतून काचांवर उघडणारी) असलेल्या गाडीत तिच्या वाटेत ती दोरी येते.


डोंगरवाट

धन्यवाद, गुरुत्वमध्याचा मुद्दा मान्य आहे. आमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहून मगच कॅरिअर लावीन. बदल्यात घाटाविषयी माझ्याकडून.

वरंध, ताम्हिणी किंवा खंबाटकी कोणताही घाट असो, भरलेली गाडी उतरताना ज्या गिअरवर आपण तो चढलो असतो त्याच्या आसपासच्याच गिअरवर उतरावी आणि ब्रेक सतत दाबून धरू नये. रिकाम्या गाडीपेक्षा ३०० किलो जास्त असले की उतारावर ब्रेकना तेवढी जास्त उष्णता पचवावी लागते, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी कमी पकडतात. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार तर प्रत्येक पुणेकराने या दृष्टीने लक्षात ठेवावा. तो घाटासारखा दिसत नाही, रस्ता रुंद आणि सरळ असल्यामुळे वेग कधी वाढला हे कळत नाही, आणि मागे बोगद्यापासूनच अवजड वाहने येत असतात. भरलेल्या गाडीचे थांबण्याचे अंतर वाढलेले असते, तेव्हा तिथे पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे.

निघण्यापूर्वी टायरमधील हवा, टायर थंड असताना, पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याएवढी करावी. हा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरील चिठ्ठीवर असतो आणि मागच्या चाकांसाठी तो अनेकदा वेगळा, जास्त असतो. रात्रीचा प्रवास असेल, तर हेडलाइटची उंची कमी करणारे चाक फिरवावे. मागे भार असल्याने नाक वर झालेले असते आणि आपला खालचा प्रकाशझोतही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. निघाल्यावर अर्ध्या तासाने एकदा सुरक्षित जागी थांबून पट्टे तपासावेत, कारण हादऱ्यांनी सामान खाली बसते आणि सुरुवातीला घट्ट असलेले पट्टे सैल पडतात.


आंबापेटी

आंब्याच्या पेट्या कशा रचाव्यात? उंच रचल्या तर खालचा आंबा दबतो, आणि पसरून ठेवल्या तर जागा पुरत नाही.


मुठाकाठ

@आंबापेटी, लाकडी पेटीची चौकट भार घेते, त्यामुळे तीन थरांपर्यंत चालते. पुठ्ठ्याच्या खोक्यांना मी दोनच्या वर जात नाही. भिंतीत विटा रचतात तसे वरच्या पेटीचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देता रचावे, म्हणजे सगळा थर एकमेकांना धरून राहतो. बाजूच्या फटींत गवत किंवा वर्तमानपत्रांचे बोळे न घालता टॉवेल किंवा गोधड्या भराव्यात, कारण बोळे दबून फट पुन्हा तयार होते. हवा खेळण्यासाठी पेटीच्या पट्ट्यांमधील फटी मात्र झाकू नयेत. मागच्या काचेतून दिसणे बंद झाले, तर थर कमी करावा. आरशांवर भिस्त ठेवून घाट उतरू नये.

शेवटी स्टेपनीचा विषय राहिला होता, तो लिहितो. बहुतेक लहान गाड्यांत ती डिकीच्या तळाखाली असते. द्रुतगती मार्गावर पंक्चर झाले, तर आपण काळजीपूर्वक रचलेले सगळे सामान आधी रस्त्याच्या कडेला उतरवावे लागते, आणि तेही वाहने वेगाने जात असताना. त्यामुळे सामान भरण्याच्या आदल्या दिवशीच स्टेपनीची हवा तपासावी, जॅक आणि पाना जागेवर आहेत का ते पाहावे, आणि लाल त्रिकोण, विजेरी व प्रथमोपचाराची पेटी डिकीतून काढून चालकाच्या हाताला येईल अशा दाराच्या कप्प्यात किंवा डाव्या सीटखाली दाबून बसवून ठेवावी. चालकाच्या सीटखाली काहीही ठेवू नये, ते घरंगळून ब्रेकच्या पायटीखाली येते. काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच असतो, तोही याच बाहेर काढलेल्या वस्तूंत असावा.